काचेवरचा नंबर

त्याला मी पहिल्यांदा फोन केला, तेव्हा त्याचा फोन माझ्यासमोर हातभर अंतरावर वाजत होता. मध्ये फक्त गाडीची काच होती.

मे महिना, मढची जेट्टी, भर दुपार. पांढरी गाडी, चारी काचा घट्ट बंद, आसपास सावलीचं नाव नाही. पुढच्या काचेमागे एक पुठ्ठा टेकवलेला आणि त्यावर ठळक आकड्यांत मोबाइल नंबर, गाडी आडवी येत असेल तर फोन करा म्हणून. मी केला. तशी पुठ्ठ्याशेजारी डॅशबोर्डवर एक काळा फोन थरथरायला लागला. थरथरत थरथरत काचेपर्यंत आला, धडकला आणि गप्प झाला. मालकाचा पत्ताच नव्हता.

आणि मागच्या सीटवर माझी पिशवी होती. पिशवीत टॅब होता, टॅबमध्ये माझी फिल्म होती, आणि त्याच संध्याकाळी सहाच्या आत ती फिल्म अहमदाबादला पोचायला हवी होती.

माझी पिशवी परक्याच्या गाडीत गेली कशी, ते सांगते, हसायचं नाही. मी तेव्हा एका मालिकेत कंटिन्युइटी बघायचे. म्हणजे मागच्या सीनमध्ये नायिकेची टिकली लाल होती की हिरवी, हे लक्षात ठेवायचं काम. गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून आमच्या सेटवर नियम होता : फोटो काढायला माझ्याजवळ एक फोन राहणार, बाकी सगळ्यांचे फोन, लॅपटॉप, टॅब प्रॉडक्शनच्या पांढऱ्या गाडीत जमा करायचे. ती गाडी सावलीत उभी, एसी चालू, राखणीला ड्रायव्हर चंद्रप्रकाश. त्या दिवशी शूटिंग जेट्टीजवळच्या वाळूत होतं. सकाळी घाईघाईत मी समोर एक पांढरी गाडी बघितली, तिचं उघडं दार बघितलं, पिशवी सीटवर टाकली आणि पळाले. पलीकडच्या दारातून कुणीतरी पाठमोरा एक पिंजरा उतरवत होता. मला वाटलं, आजच्या सीनमधला पोपट असेल.

दुपारी भरती आली, पॅकअप झालं, आणि चंद्रप्रकाशने सांगितलं की त्याची गाडी सकाळपासून शूटिंगच्या बंगल्यावरून हललेलीच नाही. जगाच्या टिकल्या लक्षात ठेवणाऱ्या मला गाडीचा नंबर बघायचं सुचलं नव्हतं.

फिल्म चारच मिनिटांची होती, ॲनिमेशनची. आमच्या मुलुंडच्या गच्चीवर तारेच्या हँगरांचं घरटं बांधणारा एक कावळा. प्रत्येक चित्र मी त्या टॅबवर हाताने काढलं होतं. एक जुनी प्रत घरी होती, पण शेवटचा भाग, ज्यात ते घरटं खरोखर उभं राहतं, तो टॅबमध्येच. घरच्या नेटवरून ती जड फाइल जाईना, म्हणून बोटीने वर्सोव्याला जायचं आणि तिथल्या चांगल्या नेटवरून पाठवायची असा बेत होता. या फिल्मवर अहमदाबादच्या ॲनिमेशनच्या संस्थेत प्रवेश मिळाला तर ठीक, नाहीतर पप्पांनी ओळखीच्या एका ऑफिसात माझ्यासाठी टेबल-खुर्ची बघून ठेवली होती. त्या खुर्चीत मी बसणार नव्हते. हे माझं ठरलेलं होतं.

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या काचेवर स्टिकर होतं : ‘बंद गाडीत कुत्र्यामांजरांना ठेवू नका. उन्हात गाडीची भट्टी होते. डॉ. सर्वेश घाडी, पशुवैद्य, मालाड.’ ते वाचून मला रडू यायच्या ऐवजी संताप आला. मी दगड उचलला. खरंच उचलला. पण काच फुटली असती तर तुकडे माझ्याच टॅबवर पडले असते, म्हणून तो परत खाली ठेवला.

जेट्टीच्या तोंडाशी शेवंतीमावशी सुकी मासळी घेऊन बसते. तिच्याकडून कळलं की डॉक्टर दर शनिवारी येतो, इथली मांजरं तपासतो, मग बोटीने पलीकडे जातो आणि उन्हं कलायच्या आत परत येतो. फोन मुद्दाम गाडीतच ठेवतो. कारण गेल्या साली बोटीत चढताना त्याचा नवाकोरा फोन खाडीत पडला होता. पाण्यात जाण्यापेक्षा गाडीत बरा, असा त्याचा हिशोब.

मी मावशीला म्हटलं, गोणपाट आहेत? होते. बोंबलांचे, चांगले मोठे. मी ते तिच्या पाण्याच्या पिंपात बुडवले आणि एकेक करून गाडीच्या टपावर, काचांवर पसरायला लागले. सुकले की पुन्हा बुडवायचे, पुन्हा पसरायचे. माझा कुडता भिजला, हात खारट झाले, रिक्षावाले थांबून बघायला लागले. एकाने विचारलं, गाडी आजारी आहे का. मी पुढचा गोणपाट बुडवला.

शेवटी बोट लागली. माणसं उतरली, आणि त्यांच्यात एक उंच, सावळा मुलगा, खांद्याला निळी पेटी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तो रमत गमत आला आणि थबकला.

“मावशी… ही माझीच गाडी ना?”

“तुमचीच,” मी म्हणाले. “आधी उघडा.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, गोणपाटांकडे पाहिलं, आणि एकही प्रश्न न विचारता किल्ली काढली. नंतर पुष्कळदा मी विचार केला, की नेमका कोणता क्षण होता तो. मला वाटतं, हाच. दुसरा कुणी असता तर आधी भांडला असता.

दार उघडलं तशी आतून गरम वाफ तोंडावर आली. मी पिशवी ओढली. टॅब हातात धरवत नव्हता, स्क्रीन काळीठिक्कर, आणि पाठ फुगलेली. बॅटरी गेली होती. मग मी त्याला सगळं सांगितलं, एका दमात, पिंजऱ्यापासून अहमदाबादपर्यंत. सांगताना माझा आवाज चढत गेला.

“तुम्ही तुमचं स्टिकर वाचलंय कधी?”

“मीच लिहिलंय.”

“मग फोनने काय पाप केलंय?”

“फोनला जीव नसतो असं वाटायचं,” तो म्हणाला.

“माझ्या टॅबला आहे.”

तो हसला नाही. त्याने निळी पेटी उघडली. आत बर्फावर लसी होत्या. टॅब यात ठेवू या का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं, एकदम गार केलं तर आत पाणी धरेल. त्याने लगेच पेटी मिटली. म्हणाला, ऊन लागलेल्या मांजरालाही बर्फात घालत नाहीत, सावलीत हळूहळू निववतात. मग आम्ही दोघं मावशीच्या छपराखाली बसलो, टॅब एका फळीवर, वारा लागेल असा. मी रागात होते आणि तरी माझ्या लक्षात येत होतं की या माणसाच्या पापण्या फार लांब आहेत. आणि समोरचा समुद्र भरतीने तुडुंब भरला होता…

“पोट फुगलंय,” टॅबकडे वाकून तो म्हणाला आणि त्याने सवयीने बोट पुढे केलं.

“दाबायचं नाही.”

त्याने बोट मागे घेतलं, शाळेतल्या मुलासारखं.

फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून त्याने मावशीकडून एक टोपली मागितली, ती कोरड्या वाळूने भरली आणि टॅब त्यावर ठेवला. मी ती टोपली मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले, सगळ्या काचा उघड्या टाकल्या, आणि आम्ही मालाडच्या रस्त्याला लागलो. सगळ्या गाडीला बोंबलांचा वास सुटला होता. सिग्नलला बाजूचा स्कूटरवाला नाक दाबून आमच्याकडे बघत होता. सर्वेशने त्याला अगदी गंभीरपणे नमस्कार केला. तेव्हा मला पहिल्यांदा हसू आलं. ते मी खिडकीकडे तोंड करून हसले.

मालाडच्या बाजारात त्याच्या ओळखीच्या नलिनीताईंचं दुरुस्तीचं दुकान होतं. मे महिन्यात आपलं दुकान बंद गाड्यांवरच चालतं, असं म्हणत त्यांनी टॅब हातात घेतला आणि सोमवारी या म्हणाल्या. मी म्हटलं, सोमवारी नाही, आत्ता. त्या म्हणाल्या, रांग आहे. मग मी रांगेतल्या प्रत्येकाला जाऊन विचारलं. माझं आजच व्हायला हवं, तुमचं थोडं थांबेल का. एक काका कुरकुरले, तर सर्वेशने त्यांच्या कुत्र्याचं नाव विचारलं आणि पुढची तपासणी फुकट कबूल केली. रांग बाजूला झाली. जुनी बॅटरी निघाली, नवी बसली, आणि स्क्रीन उजळली तेव्हा माझे डोळे भरून आले. कावळा जागेवर होता. घरटंही.

फाइल पाठवली ती त्याच्या दवाखान्यातून. टेबलावर टॅब, बाजूला खोकणारा एक पग कुत्रा, कोपऱ्यात पिंजऱ्यातली मांजरं. ती मांजरं माझ्या बोंबलांच्या हातांकडे टक लावून बघत होती. स्क्रीनवरची निळी पट्टी इंच इंच सरकत होती आणि मी तिच्याकडे श्वास धरून बघत होते. मध्येच नेट लटकलं, तर सर्वेशने जाऊन वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची, त्याच नेटवर चाललेली क्रिकेटची मॅच बंद करवली. कशी करवली, ते अजून सांगत नाही. मग तो येऊन माझ्या शेजारी बसला आणि पट्टी सरकत असताना शांतपणे फिल्म बघायला लागला.

“एक सांगू?” तो म्हणाला. “रागावणार नसाल तर.”

“रागावणार. सांगा.”

“तुमचा कावळा फार सभ्य चालतो. घाईत असला की कावळा तिरका उड्या मारत जातो.”

“आमच्या गच्चीवरचा असाच चालतो.”

“शक्य नाही.”

“मग मुलुंडला या आणि बघा.”

बोलून गेले आणि जीभ चावली. त्याचे कान लाल झाले. तेवढ्यात पट्टी पूर्ण भरली. सहा वाजायला थोडीच मिनिटं उरली होती.

“बघ,” तो म्हणाला. “गेलं.”

दिवसभरात पहिल्यांदा त्याने मला तू म्हटलं होतं. त्याच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

बुद्धपौर्णिमेला तो मुलुंडला आला, गळ्यात दुर्बीण अडकवून. आईने खीर केली होती. पप्पांनी त्याला गच्चीवर नेलं. घाडी म्हणजे मालवणकडचे का, आजोबा कुठल्या गिरणीत होते, गाडीला अजून वास येतो का, असं सगळं विचारून घेतलं. वास येत होता. दवाखान्याखालची मांजरं आता त्याच्या गाडीच्या टपावरच झोपायची. मग कावळा आला. बराच वेळ सभ्यपणे चालला, मी विजयी मुद्रेने सर्वेशकडे पाहिलं, आणि तेवढ्यात आईने खिरीचं पातेलं कठड्यावर ठेवलं. कावळा तिरक्या उड्या मारत धावला. पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी त्याच आठवड्यात कावळ्याची ती उडी नव्याने काढली. फिल्म पाठवून झाली होती, आता कोणी बघणार नव्हतं. तरी काढली.

त्यानंतर शूटिंग असलं की शनिवारी तो मला जेट्टीवर भेटायचा. आम्ही मावशीच्या छपराखाली चहा प्यायचो. तो फोन अजूनही गाडीतच ठेवायचा आणि मी त्याच्याशी दर वेळी भांडायचे. एकदा मी रागाने त्याचा फोन माझ्या पर्समध्ये घालून घेऊन गेले, तर दुसऱ्या दिवशी तो न्यायला मुलुंडपर्यंत आला. फोन घेतला, चहा प्यायला, आईला तिच्या पाठीचा व्यायाम दाखवला आणि गेला. बोलला काहीच नाही. डोळ्यांत मात्र सगळं यायचं, आणि मी बघितलं की तो नजर फिरवायचा. आई म्हणाली, हा मुलगा मुक्या प्राण्यांत राहून मुका झालाय.

निकाल आला. मला प्रवेश मिळाला. पप्पांनी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले आणि त्या टेबल-खुर्चीचं नाव पुन्हा काढलं नाही. सर्वेशला मी फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, “मला माहीत होतं.” एवढंच. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून त्याला खूप शिव्या दिल्या.

जूनचा पहिला आठवडा. पाऊस अजून दडून बसलेला, उकाडा जिवाला नको झालेला. दुसऱ्या दिवशी माझी अहमदाबादची गाडी होती. मी बॅग भरत होते आणि अनोळखी नंबरवरून फोन आला.

“मॅडम, तुमची गाडी काढा ना. टेम्पो अडकलाय.”

मी म्हटलं, माझ्याकडे गाडी नाही, चुकीचा नंबर लागलाय.

“अहो, काचेवर लिहिलाय. वरचा लागत नाही म्हणून खालचा लावला.” आणि त्याने तो आकडान् आकडा वाचून दाखवला. माझाच होता. “पांढरी गाडी. मढच्या जेट्टीवर.”

मी बॅग तशीच उघडी टाकली. मुलुंडहून मढ म्हणजे मुंबईतल्या मुंबईत परगाव. रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा. आई विचारत राहिली की उद्या जायचंय आणि आता कुठे. मी सांगितलं, गाडी काढायला. वाटेत दोन-तीनदा वाटलं, परत फिरावं. तो काही बोलणार नाही, मी उगाच रडून येईन. पण मग मी ठरवलं की तो बोलो न बोलो, मी बोलणार. रेल्वेत बसून हुरहुर लावून घ्यायचा माझा स्वभाव नाही.

टेम्पो कसाबसा निघून गेला होता. गाडी मात्र तशीच आडवी उभी होती. काचेमागे तोच पुठ्ठा. वर त्याचा नंबर, आणि खाली नव्या शाईत माझा. शेजारी नाव नाही, काही नाही. फक्त इतकंच लिहिलेलं : ‘नाही लागला तर.’ डॅशबोर्डवर फोन नव्हता.

बोट आली. तो उतरला. गळ्यात प्लास्टिकची पारदर्शक पिशवी, तिच्यात फोन. मला बघून जागच्या जागी उभा राहिला. मागून उतरणारी माणसं त्याला ढकलून पुढे गेली.

“फोन गळ्यात कधीपासून?” मी विचारलं.

“तू ओरडल्यापासून… म्हणजे शेवटचं ओरडलीस, तेव्हापासून.”

“आणि माझा नंबर तुझ्या काचेवर काय करतोय?”

त्याने खाली पाहिलं. “बोटीवर इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही. कुणाची अडचण झाली तर दुसरा नंबर असावा म्हणून…”

“दवाखान्याचा लिहायचा.”

“तोच लिहिणार होतो.”

“मग?”

“मग लिहिताना वाटलं, दुसरा नंबर लोक घरच्या माणसाचा लिहितात.” तो थांबला. “हात तिकडेच गेला.”

मी पुठ्ठ्यावरच्या माझ्या आकड्यांकडे पुन्हा पाहिलं. मग राग आठवला, आणि बरं वाटलं.

“आणि मुलीचा नंबर असा चव्हाट्यावर टांगायचा? विचारायचं नाही?”

“चुकलं. खरंच चुकलं. रोज विचारायचं ठरवायचो. पण तू जाणार होतीस… मी काही बोललो असतो तर तुझा पाय अडकला असता.”

“माझा पाय? सर्वेश, मी एका टॅबसाठी परक्या माणसाची गाडी बोंबलांच्या गोणपाटांत गुंडाळली होती. माझा पाय तुझ्या बोलण्याने अडकेल?”

तो हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे ओले झाले. त्या लांब पापण्या… मी नजर काढली नाही.

“नाही,” तो म्हणाला. “नाही अडकणार.”

“मी उद्या जाणार आहे. पूर्ण कोर्स करणार आहे. आणि मला तू आवडतोस. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीतलं मी काहीच सोडणार नाही. तुला जमणार असेल तर सांग.”

“जमेल,” तो म्हणाला. “सुट्टी मिळेल तेव्हा मी येईन. तिथेही मांजरं असतील.” मग त्याला काहीतरी सुचल्यासारखं झालं. त्याने गाडी उघडली, पुठ्ठा बाहेर काढला आणि खिशातून पेन घेतलं. “हा खोडतो आधी. दवाखान्याचा लिहितो.”

मी त्याचं मनगट धरलं. पहिल्यांदाच. हात गरम होता, उन्हाचा, आणि नाडी जोरात चालली होती. तो हलला नाही. मीही सोडला नाही. शेवंतीमावशीने टोपलीवर फडकं टाकलं आणि मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं.

माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. जेट्टीच्या वळणावर एक रिक्षावाला कानाला फोन लावून वैतागून उभा होता, आणि आमची गाडी अजून आडवीच होती. मी एका हाताने फोन उचलला. दुसरा हात मोकळा नव्हता.

“हो, आमचीच गाडी आहे,” मी म्हणाले. “आलोच.”